पथ्य मोडलं, आता काय?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी तुमच्या गटांची समन्वयक. हप्ता, इतिवृत्त आणि बँकेची कागदपत्रं यावर तुम्ही मला बोलताना नेहमी ऐकता. आज पैशाचं काही बोलणार नाही. आज माझ्या ताटाचं बोलणार आहे.

मागच्या महिन्यात दोन गावांतल्या दोघी मला भेटल्या. एकीच्या मुलाला आणि दुसरीला स्वतःला डॉक्टरांनी गहू बंद सांगितलाय. दोघींचं बोलणं जवळजवळ सारखंच होतं. "काय खायचं ते कळलं, ताई. पण मधेच मोडतं. मोडलं की वाटतं, आता काही खरं नाही." काय खायचं आणि काय नाही, याचा कागद दवाखान्यात मिळतो. मोडल्यावर काय करायचं, ते त्या कागदावर नसतं. मला गहू बंद होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत माझं पथ्य किती वेळा मोडलं याची मी वहीत नोंद ठेवलीय. त्या वहीतलंच आज थोडं सांगते.

आधी आजार समजून घेऊ. याला सिलिॲक म्हणतात. गव्हाची कणीक मळली की ती ताणली जाते, पुरण भरलं तरी फाटत नाही. ज्वारीचं पीठ तसं ताणलं जात नाही, म्हणून आपण गरम पाणी घालतो, आणि पीठ जुनं होऊन विरी गेली की भाकरी थापतानाच चिरते. गव्हाला हा ताण ज्या पदार्थामुळे येतो, त्याचं नाव ग्लूटेन. तो गव्हात असतो आणि जवात, म्हणजे सातूतही असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण काही जणांच्या शरीराला तो शत्रू वाटतो आणि शरीर त्याच्याशी भांडता भांडता स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. आतड्याच्या आत टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मग कुणाला जुलाब, कुणाचं पोट फुगतं, मुलांची उंची वाढत नाही आणि आपल्यासारख्या बायकांचं रक्त काही केल्या भरत नाही.

माझं तेच झालं. हिमोग्लोबिन सातवर. लोहाच्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या, मोजल्या नाहीत. जो तो म्हणायचा, "गोळ्या घेत नसशील. टाकून देत असशील." मी गटात बायकांना गोळ्या घ्यायला सांगणारी बाई, आणि माझ्यावरच ही शंका. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली. मग तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासला आणि निदान झालं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नुसत्या शंकेवरून गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर तपासणी केली तर रिपोर्ट चुकीचाच चांगला येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. आणि वजन कमी करायचं म्हणून कुणी पोळी सोडत असेल, तर ती गोष्ट वेगळी, तिचा या आजाराशी संबंध नाही.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव आयुष्यभर बंद. म्हणजे रवा, मैदा, शेवया, दलिया, लापशी, कुरडया, बिस्किटं, पाव, टोस्ट, खारी सगळं बंद. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, भाज्या, दूध, अंडी, मटण हे सगळं चालतं. ऐकायला सोपं वाटतं. आपण तर ज्वारीच्या मुलखातले, मंगळवेढ्याची मालदांडी आपल्या दारात. मलाही वाटलं होतं, भाकरीच तर खायची आहे, त्यात काय अवघड?

पहिला फटका भाकरीनेच दिला.

तीन महिने मी गव्हाचा कण तोंडात घातला नाही. सासूबाई बोलल्या, नणंद हसली, तरी नाही. तरीही पोट फुगायचं ते फुगायचंच, अंगात त्राण नाही. पुन्हा रक्त तपासलं तर आकडा फारसा हललाच नव्हता. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी अख्खा रस्ता रडले. वाटलं, एवढं करून काय मिळालं? डॉक्टर चुकले असतील, नाहीतर माझंच शरीर वाईट असेल. घरी आल्यावर मालक म्हणाले, "मग खा की पोळी, उपयोगच नाही तर." मला ते पटलंसुद्धा होतं.

उलगडा झाला तो गिरणीत. मी दळण घेऊन उभी होते. माझ्या पुढे एका मावशींचा गव्हाचा डबा होता. गहू संपले आणि गिरणीवाल्याने त्याच चाकीत माझी ज्वारी ओतली. पहिलं पीठ पडलं ते ज्वारीच्या रंगाचं नव्हतं. मी ते चिमटीत धरून बघत राहिले. तीन महिने मी अशाच ज्वारीच्या भाकरी खात होते. गव्हाबरोबर किडे रगडतात म्हणतात, माझ्या घरी ज्वारीबरोबर गहू रगडला जात होता.

या आजारात चिमूटभर पीठसुद्धा रोज पोटात गेलं तर आतडं भरून येत नाही. म्हणून गिरणी हा पहिला प्रश्न. सकाळी चाकी झाडून पुसून पहिलं दळण आपलं घ्यायचं आणि त्यातलंही सुरुवातीचं किलोभर पीठ घरच्या पोळीवाल्यांसाठी नाहीतर जनावरांसाठी काढून ठेवायचं. त्याहून चांगलं म्हणजे घरात जुनं जातं असेल तर ते नीट साफ करून फक्त आपल्या धान्याला ठेवायचं, नाहीतर अशी घरघंटी वापरायची जिच्यात गहू कधी पडतच नाही. मग काठवट वेगळी, तवा वेगळा, पिठाचा डबा वेगळा. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, तेव्हा डबीवरचं वाचायचं. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो, तो वगळून घरी करायचं. पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेली भजीही नको. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं असेल तर आपल्या देशाच्या अन्न नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन त्यात असता कामा नये. पण ती पाकिटं महाग असतात आणि आपल्याला त्यांची गरजही नसते.

या फटक्यातून मी एक शिकले. काही वेळा पथ्य आपण मोडलेलं नसतंच. ते आपल्या नकळत मोडत असतं. आकडा हलला नाही म्हणून स्वतःला दोष देण्याआधी गिरणी, डबा, तवा आणि हिंग तपासा. शिवाय सगळं बरोबर केलं तरी रक्तातला आकडा उतरायला कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही जास्त लागतात आणि मोठ्या माणसांचं आतडं मुलांपेक्षा सावकाश भरतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर एसटीतलं रडणं वाचलं असतं.

दुसरा फटका मी स्वतःहून खाल्ला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

एका गावात नवा गट सुरू करायचा होता. गावाच्या त्या बाजूच्या वस्तीत समन्वयक म्हणून कुणी फारसं गेलेलं नव्हतं. पहिली बैठक होती. ज्यांच्या ओसरीत बसलो, त्या वहिनींनी शिरा केला होता, वर तूप. मी म्हटलं, "नको वहिनी, मला चालत नाही." त्यांनी ताटली तशीच धरली आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमी आमच्यातलं खात न्हाई का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. आमच्या भागात कुणाच्या घरचं पाणी कुणी घ्यायचं आणि कुणी नाही, याचा इतिहास त्या एका वाक्यात होता. त्या क्षणी आतडं, ग्लूटेन, रिपोर्ट असलं काही मला सुचलं नाही. मी ताटली घेतली आणि सगळा शिरा संपवला.

संध्याकाळपासून पोट बिघडलं. चार दिवस घरी. त्या चार दिवसांत माझ्या मनात काय काय आलं! आधी त्या वहिनींचा राग. मग स्वतःचा राग, तोंड नव्हतं का आपल्याला? मग या आजाराचा राग, की याने मला माणसांत बसण्यालायक ठेवलं नाही. लोकांच्या ओसरीत बसणं हेच तर माझं काम. कुणाच्या घरचं खाल्ल्याशिवाय ओळख होत नाही आपल्याकडे. मी नोकरी सोडायचा अर्ज मनात लिहूनही टाकला होता.

पंधरा दिवसांनी त्याच वस्तीत पुन्हा गेले. बैठक सुरू व्हायच्या आधी त्या वहिनींना चुलीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. रक्ताचं, आतड्याचं, चार दिवस पडून होते त्याचं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवं, मग आदी सांगायचं की! मी काय इख घातलं का तुमाला?" मग उठून त्यांनी शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. ते मी खाल्लं. तेव्हापासून त्या वस्तीत माझ्यासाठी शेंगा-गूळ ठरलेला आहे. बाकीच्या जणींना त्या आधीच सांगतात, "ताईंना गव्हाचं बाधतं, बाकी समदं खात्यात."

नुसतं "नको" म्हटलं की समोरच्याला त्याचा अर्थ आपल्या मनाने लावावा लागतो. "नको" ऐवजी "मला गव्हाचं बाधतं, पण तुमच्याकडची भाकरी असेल तर द्या, नाहीतर चहा द्या" असं म्हटलं की माणूस दुखावत नाही. मागून घ्यायचं. देवळातल्या प्रसादाचंही तसंच. सत्यनारायणाचा शिरा हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारच्या लेकराच्या हातावर द्यायचा. मग तीर्थ घ्यायचं, केळं घ्यायचं. देव रागावल्याचं मला तरी अजून जाणवलेलं नाही.

आता तिसरा फटका. तो सांगायची मला लाज वाटते, पण आजचं सगळं बोलणं खरं तर त्याच्यासाठीच आहे.

पथ्याला दुसरं वर्ष चालू होतं. होळीचा दिवस. मी सकाळपासून पुरण वाटलं, घरातल्या सगळ्यांसाठी पोळ्या लाटल्या. सगळे जेवले. माझ्या ताटात भाकरी, कटाची आमटी आणि वाटीत पुरण. नणंदेच्या घरचे आले होते. कुणीतरी सहज म्हणालं, "हिची होळी म्हणजे रोजचाच दिवस." वाईट हेतूने नव्हे, गमतीत. मीही हसले. रात्री सगळे झोपल्यावर भांडी घासायला उठले. दुरडीत दोन पोळ्या उरल्या होत्या. उभ्याउभ्या दोन्ही खाल्ल्या. दूध नाही, तूप नाही, अंधारात, चोरासारख्या. भूक नव्हती. राग होता.

दुसऱ्या दिवशी काय झालं माहीत आहे? काहीच नाही. पोट दुखलं नाही, जुलाब नाहीत. हेच धोक्याचं असतं. काहींना लगेच त्रास होतो, काहींना काहीच जाणवत नाही, पण आत इजा चालूच असते. मला वाटलं, मी बरी झाले. आणि समजा बरी झाले नसले तरी आता मोडलंच आहे, तर खाऊन घेऊ. आठ-दहा दिवस मी चहाबरोबर टोस्ट खाल्ला, पोळी खाल्ली. लपून. मग तोंड आलं, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि कारण नसताना पोरांवर ओरडणं सुरू झालं.

दोन पोळ्यांनी नुकसान केलं असेल, पण त्याच्या कितीतरी पट नुकसान "आता मोडलंच आहे" या वाक्याने केलं. आपल्या गटातलं उदाहरण घ्या. एखादीचा हप्ता एका महिन्यात थकला तर आपण काय करतो? कारण विचारतो, पुढच्या महिन्याचा हप्ता भरायला लावतो. एक थकला म्हणून आता सगळं कर्जच बुडव, असं कोणती अध्यक्ष सांगेल? मी बायकांना हे वर्षानुवर्षं समजावत होते आणि स्वतःच्या ताटाला लावत नव्हते.

तेव्हा मोडल्यावर काय करायचं, ते मी आता असं करते. पहिलं, पुढचं जेवण पथ्याचं. उद्यापासून नाही, सोमवारपासून नाही, लगेचचं पुढचं. प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहायचं नाही. उपाशी राहिलं की संध्याकाळी हात हमखास बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. पोट बिघडलं असेल तर मऊ भात, ताक झेपत असेल तर ताक, आणि जुलाब होत असतील तर मीठ-साखरेचं पाणी किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारी ओआरएसची पुडी. उलट्या-जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल, लेकराची लघवी कमी झाली असेल तर दवाखाना गाठायचा. गहू धुऊन काढणारा काढा, चूर्ण, गोळी असं काही नसतं. कुणी विकायला आलं तर पैसे घालवू नका.

दुसरं, वहीत लिहायचं. काय खाल्लं, कुठे, आणि त्या वेळी मनात काय होतं. माझ्या वहीत चार वर्षांच्या नोंदी बघितल्या तर भुकेने मोडलेलं फार थोडं आहे. जास्त वेळा मी दमलेली होते, नाहीतर कुणीतरी काहीतरी बोललेलं होतं, नाहीतर प्रवासात डबा नव्हता. डब्याचा इलाज सोपा आहे. माझ्या पिशवीत आता राजगिऱ्याचे लाडू आणि फुटाणे कायम असतात. बोलण्याचा इलाज इतका सोपा नाही.

तिसरं, एका माणसाला सांगायचं. सगळ्या गावाला नाही, एकाच माणसाला, जे "किती वेळा सांगितलं तुला" म्हणणार नाही. मी कुणाला सांगितलं असेल? सासूबाईंना. मलाच आश्चर्य वाटलं.

सासूबाईंना माझं पथ्य म्हणजे थेर वाटायचे. त्यांचंही खोटं नव्हतं. 72 च्या दुष्काळात त्या लहान होत्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो खाऊन दिवस काढलेले. त्यांच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच, तीही पुरुषांना आधी. पोळी म्हणजे बरे दिवस, पाहुण्याचा मान. भाकरी म्हणजे गरिबी. त्यांच्या घरात पोळी आली आणि सून म्हणते पोळी नको! त्यांना ते अन्नाचा अपमान केल्यासारखं वाटत होतं. मी होळीचं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला उठवायचं होतं. मी टाकल्या असत्या गाईला." पुढच्या सणापासून उरलेल्या पोळ्या रात्री दुरडीत राहत नाहीत. आणि पोळ्या लाटायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, कारण पीठ मळताना उडणारा भुगाही माझ्या नाकातोंडात जातो. मी मात्र माझ्या भाकरी आधी करून झाकून ठेवते.

आजारावर विश्वास बसावा म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगितली होती, ती तुम्हालाही सांगते. नेदरलँड्स नावाच्या देशात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे मोठी उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोकांनी फुलझाडांचे कंदसुद्धा खाल्ले. सगळी मुलं खंगत होती, पण या आजाराची मुलं उलट सुधारत होती. मग मदतीचा पाव आला आणि तीच मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांना आधीपासूनच गव्हाचा संशय होता, तो इथे पक्का झाला. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध लिहिला. दुष्काळाची गोष्ट म्हटल्यावर सासूबाईंनी नीट कान दिला. म्हणाल्या, "म्हंजी दुष्काळात बरी झाली लेकरं. काय एकेक आक्रीत."

आता मुलांचं. ज्या मैत्रिणीने मुलाबद्दल विचारलं, तिचा मुलगा आठ वर्षांचा. शाळेतून येताना दुकानातून बिस्किटं घेतो, लपून खातो, खोटं बोलतो. पोट दुखलं की कळतं. मग ती त्याला मारते आणि नंतर स्वतः रडते. बाई, मी बत्तीस वर्षांची, पदवी झालेली, अंधारात पोळ्या खाल्ल्या. तो आठ वर्षांचा आहे. त्याला "का खाल्लंस?" विचारू नका, त्याला उत्तर नसतं. "काय खाल्लंस, किती खाल्लंस?" विचारा आणि खरं सांगितलं तर रागावू नका. खरं कळणं तुम्हाला जास्त गरजेचं आहे. शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना आजार सांगून ठेवा, वाढदिवसाच्या खाऊच्या वेळी त्याच्यासाठी चिक्की किंवा लाडू वर्गातच राहू द्या. अंगणवाडीतल्या धाकट्यांचं असेल तर शिध्यात गहू आहे का, तेही ताईंशी बोला. घरात भावंडांना बिस्किटं आणि त्याला एकट्याला भाकरी, असं शक्यतो करू नका. सगळ्यांनाच पोहे करा.

आणि तुमच्या गरोदरपणातल्या खाण्यामुळे किंवा उपासामुळे हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. हा कल रक्तातून येतो, आईकडून किंवा बापाकडून. म्हणूनच एकाला निघाला तर आईबाप आणि भावंडांनीही तपासून घ्यावं.

सणांबद्दल एक बोलते. मी वर्षाचे सण मांडून बसले तर निम्म्याहून जास्त सण माझ्या बाजूचे निघाले. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, वेळ अमावास्येला शेतात उंडे, भज्जी, आंबील, फक्त गव्हाची खीर तेवढी सोडायची. गौरी-गणपतीत तांदळाचे उकडीचे मोदक. आणि आषाढी एकादशीला तर सगळं घर, सगळं गाव, पंढरीला जाणारे सगळे वारकरी माझ्याच पथ्यावर! भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा. त्या दिवशी माझं ताट आणि सगळ्यांचं ताट एक असतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, मी त्या दिवशी खरंच दुप्पट खाते. राहिली होळी, नागपंचमीचे दिंड, संक्रांतीची गुळाची पोळी आणि दिवाळीच्या करंज्या-शंकरपाळ्या. तांदळाच्या उकडीची पुरणपोळी करून बघितली. पहिल्या दोन फाटल्या, तिसरी कशीबशी आली. गव्हाच्या पोळीची सर तिला नाही, हे मी खोटं बोलणार नाही.

वाईट वाटणं हेही या आजारात धरूनच चालावं लागतं. आयुष्यभर जवळचं असलेलं काही सोडावं लागलं की माणूस झुरतो. वर रक्त कमी असेल, बी-12 कमी असेल तर त्यानेही मन खचतं, ते आळस किंवा नाटक नसतं. दोन-चार दिवस खट्टू वाटून पुन्हा कामाला लागलात तर ठीक. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास वाटतंय, झोप नाही, कशातच जीव रमत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस नावाची फुकट सेवा आहे, नंबर 14416, दिवसरात्र कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. दुसरी टोकाची गोष्टही मी बघितलीय. भीतीने लग्नाला जायचं बंद, माहेरी जायचं बंद, कुणाच्या घरचं पाणीही नको. तेही मनाचं दुखणंच आहे. लग्नाला डबा घेऊन जा आणि पंगतीत सगळ्यांबरोबर बसून डबा खा. पहिल्यांदा लोक बघतात, दुसऱ्यांदा कुणी बघत नाही.

यंदाच्या होळीला मला पुन्हा रडू आलं. पुरणपोळी तव्यावर भाजल्याचा वास आला आणि आलं. पोळी खाल्ली नाही. रडून घेतलं, तोंड धुतलं, वाटीत पुरण घेतलं आणि वर दूध ओतलं. पुढच्या महिन्यात माझी रक्ततपासणी आहे. आकडा काय येतो ते बघू.

शेवटी कामाचं सांगते. आमच्या गावातल्या गटाने अंतर्गत कर्जातून एक घरघंटी घेतली आहे. तिच्यात फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ दळतात. गहू किंवा गहू मिसळलेली भाजणी कुणी कितीही गळ घातली तरी घेत नाहीत. ज्यांना पथ्याचं पीठ हवंय, त्यांनी धान्य घरी निवडून, गव्हाचा दाणा राहिला नाही ना हे बघून, कोरड्या डब्यात आदल्या संध्याकाळी आणून ठेवावं. दळण सकाळी सातला सुरू होतं. ज्या दोघींनी मला विचारलं होतं, त्यांनी मंगळवारच्या बैठकीला थोडं लवकर या. आपण आधी तिघीच बसू. वही घेऊन या.